पाण्यावरचा तवंग आणि पाण्याला आलेली साय : घरगुती काचपेटीतील पृष्ठपटलाचा शब्दार्थविचार

काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या गृहस्थास एक अनुभव हटकून येतो. पेटीतील पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत असते, मासेही वरवर पाहता ठीक असतात. परंतु डोळे पाण्याच्या पातळीस आणून तिरपे पाहिले असता पृष्ठभागावर एक पातळ पडदा आढळतो. कधी तो मोरपंखी रंगांनी चमकतो, कधी धुरकट दिसतो, तर कधी पिठाची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा असतो. प्रस्तुत लेखात ह्या पडद्यास ‘पृष्ठपटल’ असे तटस्थ नाव दिले आहे. तटस्थ नाव घेण्याचे कारण असे की, ह्या वस्तूसाठी मराठीत जी नावे प्रचलित आहेत त्यांपैकी एकही तटस्थ नाही. प्रत्येक नाव वस्तूच्या उगमासंबंधी काही एक विधान करते. हे विधान खरे असेल तर नाव उपयोगी पडते. खोटे असेल तर हानी करते.

भाषाविषयक पत्रिकेत मत्स्यपालनाचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत (१९१६) आणि त्यावर उभारलेली योस्ट ट्रियर याची अर्थक्षेत्राची कल्पना (१९३१) आपण वर्गात शिकवितो. त्यासाठी दिली जाणारी उदाहरणे बहुधा रंगांची किंवा नात्यांची असतात. येथे घेतलेले उदाहरण एका काचपेटीतले आहे, आणि त्यातील चुकीची किंमत प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष मोजली आहे.

१. प्रसंग

सोनपेठ येथील आमच्या घरी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी एक काचपेटी आहे. तिच्यात गप्पी व मोली जातीचे मासे होते. एका वैशाखात पाण्यावर पटल दिसू लागले. मी त्यास ‘तवंग’ म्हटले. तवंग म्हटल्याबरोबर तेल मनात आले, आणि तेल म्हटल्याबरोबर त्याचा उगमही सापडला : पेटी स्वयंपाकघराच्या दाराजवळ होती, फोडणीचा धूर त्या बाजूस जात असे. निदान झाले असे समजून मी उपायाकडे वळलो. तेलावर साबण हा सर्वपरिचित उपाय होय. भांडी घासण्याचे द्रव लहान चमचाभर पाण्यात कालवून मी पेटीत सोडले.

पटल क्षणार्धात नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक मासेही मेलेले होते.

आदल्या दिवशी आई पेटीजवळ उभी राहून म्हणाली होती, “अरे, ह्याला तेल कुठलं? पाण्याला साय धरलीय ती.” ते बोलणे मी अलंकारिक समजून सोडून दिले. पुढे ह्या विषयाचे वाचन व निरीक्षण केल्यावर ध्यानात आले की, आईचा शब्द अलंकारिक नव्हता. तो माझ्या शब्दापेक्षा अधिक अचूक होता. शब्द कोठे चुकला आणि कोठे बरोबर ठरला, हे पाहणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२. पृष्ठपटल म्हणजे काय

पाण्याचे रेणू परस्परांस ओढून धरतात. आतील रेणूवर ही ओढ सर्व बाजूंनी सारखी असते. पृष्ठभागावरील रेणूस वरच्या बाजूने ओढणारे कोणी नसते. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागतो. हा पृष्ठताण शुद्ध पाण्याच्या बाबतीत २५ अंश सेल्सियसला सुमारे ७२ डाइन प्रति सेंटिमीटर असतो. ज्या रेणूंचे एक टोक पाण्याशी सख्य करते व दुसरे पाण्यापासून दूर पळते, असे रेणू पाण्यात कोठेही निर्माण झाले तरी अखेर पृष्ठभागाशी येऊन वसतात. स्निग्ध पदार्थ व प्रथिने ह्याच स्वभावाची असतात.

ह्या विषयाचा इतिहास मनोरंजक आहे. बेंजामिन फ्रँकलिन याने लंडनमधील क्लॅपम कॉमन येथील तळ्यावर चमचाभर तेल टाकले असता सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हा वृत्तांत १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच घनसेंटिमीटर तेल सुमारे दोन हजार चौरस मीटरांवर पसरले असे धरल्यास थराची जाडी मिलिमीटरच्या चार लाखाव्या भागाइतकी येते, म्हणजे हा थर जवळजवळ एकाच रेणूच्या जाडीचा होय. पुढे जर्मनीतील आग्नेस पोकेल्स या बाईंनी विद्यापीठात पाऊल न टाकता घरच्या स्वयंपाकघरातील पसरट भांड्यात अशा थरांची मोजमापे घेतली. त्यांचे पत्र लॉर्ड रॅली यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापले गेले. लँगम्युर यांनी १९१७ मध्ये हेच काम पुढे नेले. पृष्ठरसायनातील संशोधनाबद्दल त्यांस १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात असे एकरेणवीय थर अभ्यासले गेले. सेटिल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा थर जलाशयावर पसरून बाष्पीभवन कमी करता येते, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता. मराठवाड्यातील वाचकांस त्याचे महत्त्व सांगावयास नको.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका रेणूच्या जाडीचा थर डोळ्यांस दिसत नाही. पटलावर रंग दिसतात ते त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे, आणि त्यासाठी थर पुष्कळच जाड असावा लागतो. म्हणून काचपेटीतील पटल रंगीत दिसू लागले तेव्हा ते काल-परवाचे नसते. कित्येक दिवस न दिसता वाढत आलेले असते. शिवाय पटल रंगीत आहे एवढ्यावरून ते तेलाचेच आहे असे मुळीच ठरत नाही. माझी पहिली चूक हीच होती.

३. चार पटले, चार नावे

काचपेटीत आढळणारी पटले स्थूलमानाने चार प्रकारची असतात. प्रत्येकाची परीक्षा सोपी आहे : एक स्वच्छ, कोरडी काडी पटलातून हळूच ओढावी आणि मागे काय घडते ते पाहावे.

(अ) तवंग. हे खरोखरीचे तेल. हाताला लागलेले खोबरेल, फोडणीच्या धुरातील कण, पंपाला लावलेले वंगण, तेलकट खाद्य ही त्याची उगमस्थाने होत. काडीने दुभंगलेले पटल काडी उचलताच पुन्हा जुळते. कडा गोलसर असतात.

(आ) साय. काचपेटीत सर्वाधिक आढळणारे पटल हेच. न खाल्लेले खाद्य, माशांची विष्ठा, कुजलेली पाने व नवे लाकूड यांतून प्रथिने व स्निग्ध पदार्थ पाण्यात सुटतात, पृष्ठभागाशी जमतात, आणि त्यांवर जीवाणू वसती करतात. जीवाणू चिकट द्रव्य स्रवतात व त्यामुळे थर विणला जातो. काडी ओढली असता हे पटल सुरकुतते, फाटते, त्याचे तुकडे काडीला चिकटून येतात. फाटलेला भाग लगेच जुळत नाही.

(इ) पापडी. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. असे पाणी स्थिर राहून त्यातील कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेला चुना कार्बोनेटच्या रूपाने पृष्ठभागावर धरतो. काडी लागताच हे पटल कडक पापडीसारखे तुटते, तुकड्यांस कोन असतात व पुष्कळदा ते बुडतात. चमच्यात थोडी पापडी घेऊन लिंबाचा थेंब टाकल्यास ती फसफसते.

(ई) शेवाळ. हिरवा किंवा हिरवट करडा थर. पेटीवर थेट ऊन पडत असल्यास किंवा पाण्यात पोषकद्रव्ये फार झाल्यास तो येतो. हा ओळखण्यास काडीची गरज नाही, रंगच सांगतो.

विहिरीच्या ओलीत किंवा डबक्यात, जेथे चिखल तांबूस असतो, तेथे इंद्रधनुषी पटल दिसते व लोक ‘कोणीतरी रॉकेल सांडले’ असे म्हणतात. पुष्कळदा ते लोहजीवाणूंचे पटल असते. काडी लावल्यावर ते काचेसारखे फुटते व पुन्हा जुळत नाही, एवढ्यावरून त्याचा निकाल लागतो.

४. ‘-वर’ आणि ‘-ला’

आता भाषेकडे वळू. वरील चार नावे पर्यायी शब्द नव्हेत, हे त्यांच्या वाक्यातील वर्तनावरून स्पष्ट होते.

‘पाण्यावर तवंग आला’ असे आपण म्हणतो. ‘पाण्याला तवंग आला’ हे माझ्या कानास खटकते. उलट ‘दुधाला साय आली’, ‘भाकरीला बुरशी आली’, ‘लोखंडाला गंज चढला’, ‘जखमेला खपली धरली’ ही वाक्ये सहज आहेत. ‘-वर’ हा केवळ स्थान सांगतो. ‘-ला’ने निर्दिष्ट केलेली वस्तू मात्र घडणाऱ्या विकाराची भोक्ती असते, विकार तिच्या अंगचा असतो, बाहेरून येऊन पडलेला नसतो. दूध स्वतः सायीचे द्रव्य पुरविते. पाणी तवंगाचे द्रव्य पुरवीत नाही.

ह्यावर कोणी आक्षेप घेईल की, ‘दुधावरची साय’ हा प्रयोग सर्वतोमुखी आहे, आणि नातवंडांविषयी बोलताना ‘दुधापेक्षा दुधावरची साय प्रिय’ असे आपण म्हणतोच. आक्षेप योग्य आहे. परंतु त्याने नियम मोडत नाही. सायीस दोन्ही रचना चालतात, कारण ती दुधावर असते आणि दुधाचीही असते. तवंगास मात्र एकच रचना सहजपणे चालते. उलट बाजूने रश्श्याचे उदाहरण घ्यावे. ‘रश्श्याला तर्री आली’ हे वाक्य खटकत नाही, कारण तर्री ही रश्श्यातूनच सुटून वर आलेली असते. तेल तेच, परंतु बाहेरून सांडले तर ‘वर’, आतून सुटले तर ‘ला’. म्हणजे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय यांच्या निवडीतून बोलणारा उगमाचे ज्ञान व्यक्त करीत असतो, आणि ते करताना त्यास त्याची जाणीवही नसते.

क्रियापदांची साक्षही हीच आहे. तवंग ‘येतो’, ‘पसरतो’, ‘तरंगतो’. परंतु तवंग ‘धरत’ नाही. साय, शेवाळ, बुरशी, खपली ह्या सर्व ‘धरतात’. झाडाला फळ धरते, रोप मूळ धरते. ‘धरणे’ ह्या क्रियापदाच्या ह्या अर्थात वाढ व घट्टपणा असे दोन्ही अर्थघटक आहेत. जे धरते ते हळूहळू वाढते व त्यास आधार लागतो. जे पसरते ते द्रव असते व त्याचे परिमाण ठरलेले असते. काडीच्या परीक्षेत तवंग पुन्हा जुळतो व साय फाटते, ह्या भौतिक भेदाशी हा भाषिक भेद तंतोतंत जुळतो.

गुऱ्हाळातील एक शब्द येथे आठवतो. उसाचा रस काहिलीत उकळू लागला की भेंडीचा रस टाकून वर आलेला गदळ काढतात. त्यास ‘मळी’ म्हणतात. मळी ही रसातूनच वर येते, परंतु ती काढून टाकावयाची असते. साय रसिकतेने राखावयाची असते. दोहोंचा उगम समान, मूल्य विरुद्ध. काचपेटीतील पटल उगमाने साय आहे आणि मूल्याने मळी. आईने पहिला घटक पकडला होता, आणि निदानास तोच पुरेसा होता.

आता तिचे वाक्य पुन्हा पाहावे : ‘पाण्याला साय धरलीय.’ ‘-ला’ सांगतो की द्रव्य पाण्यातलेच आहे. ‘धरणे’ सांगते की ते वाढते आहे. ‘साय’ सांगते की ते प्रथिनांचे व स्निग्ध पदार्थांचे आहे. तीन शब्दांत तीन विधाने, आणि तिन्ही खरी. मी मात्र एका नामावरून तेल, तेलावरून स्वयंपाकघर व तेथून साबण असा प्रवास केला. साबणाने पटल नाहीसे झाले ते त्याचे रेणू पृष्ठभागावरील जागा बळकावतात म्हणून. पटलाचे कारण तळाशी तसेच राहिले. तोच साबण माशांच्या कल्ल्यांवरील नाजूक आवरणास इजा करतो, हे मला ठाऊक नव्हते.

५. पटलाने हानी कशी होते

पटल स्वतः विषारी नसते. धोका प्राणवायूचा आहे. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांस तो सुमारे साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच साठा अपुरा. त्यात स्थिर पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. केवळ विसरणाने एक सेंटिमीटर खाली उतरावयास त्यास सुमारे सात तास लागतात. म्हणून काचपेटीतील जीवन पृष्ठभागाच्या हालचालीवर अवलंबून असते. पटल हवा अडविते ती थोडी. परंतु फ्रँकलिनच्या तळ्याप्रमाणे ते पाणी निश्चल करते, आणि खरी हानी त्या निश्चलतेने होते. हवेच्या पंपातून निघणारे बुडबुडे पाण्यास प्राणवायू देतात असा समज आहे. त्यांचे मुख्य कार्य वस्तुतः पृष्ठभाग ढवळण्याचे असते.

रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात. त्यामुळे साठा पहाटे सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात रात्री वीज गेली, पंप थांबला आणि पटल जुळून आले म्हणजे तिन्ही कारणे एकत्र येतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत असतील तर ते खाद्य मागत नसतात. गौरामी, फायटर यांस थेट हवा घेण्याचे जादा इंद्रिय असते, म्हणून त्यांच्यावरून पेटीची स्थिती ठरवू नये.

६. उपाय

उपाय निदानानुसार करावा. सर्व प्रकारांत तातडीचा उपाय एकच : पटल काढावे व पृष्ठभाग हलता ठेवावा.

पटल काढण्याच्या दोन रीती सोप्या आहेत. पहिली : पंप बंद करून कोरा, न छापलेला टिपकागद पाण्यावर अलगद अंथरावा व एका कडेने उचलावा, दोन-तीन कागदांत पटल निघते. छापील वर्तमानपत्र वापरू नये. दुसरी : स्वच्छ तांब्या उभा धरून त्याची कड पाण्याच्या पातळीखाली किंचित दाबावी, पृष्ठभागावरील पाणी सर्व बाजूंनी पटलासह आत ओघळते. त्यानंतर गाळणीचा पाणी सोडणारा तोंडाचा भाग पातळीजवळ आणून लाटा उठतील असे करावे. वीज गेल्यास तांब्याने पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पेटीत ओतीत राहावे. दर अर्ध्या तासाने असे थोडा वेळ केले तरी मासे तगतात.

तवंग असेल तर उगम बंद करावा : पेटीत हात घालण्यापूर्वी ते साबण न लावता नुसत्या पाण्याने चोळून धुवावे, पेटी चुलीपासून दूर न्यावी, झाकण ठेवावे. साय असेल तर खाद्य कमी करावे. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढेच द्यावे. कुजकी पाने काढावी, तळाचा गाळ नळीने ओढावा. मोली मासे ही साय टिपून खातात, परंतु ते मदतनीस होत, औषध नव्हे. पापडी असेल तर पृष्ठभाग हलता ठेवणे पुरेसे असते. माशांस तिच्यापासून फारशी बाधा नाही. शेवाळ असेल तर ऊन अडवावे व दिव्याचे तास कमी करावे. साबण, फिनेल, रॉकेल किंवा कोणतेही धुण्याचे द्रव्य पेटीच्या आसपासही आणू नये.

पाणी बदलणे हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय होय. आमच्या पेटीचा चौथा हिस्सा म्हणजे सुमारे बारा-तेरा लिटर. ज्या प्रदेशात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात हे पाणी विचारपूर्वक खर्च केले पाहिजे. निदान बरोबर असेल तर तवंगास व पापडीस पाणी बदलण्याची गरज क्वचितच पडते. सायीस पडते; तेव्हा काढलेले पाणी कुंड्यांस घालावे, त्यातील खत वाया जात नाही. नवे पाणी नळाचे व क्लोरीनयुक्त असल्यास एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग घालावे.

७. समारोप

कोश शब्दाचा अर्थ देतो. शब्द कोणत्या प्रत्ययाबरोबर व कोणत्या क्रियापदाबरोबर राहतो हे मात्र बहुधा बोलणाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागते. स्वयंपाकघर, गुऱ्हाळ, विहीर ह्या ठिकाणच्या बोलण्यात पदार्थांचे दीर्घ निरीक्षण साठलेले असते, आणि ते नामांपेक्षा ‘-ला’, ‘-वर’, ‘धरणे’, ‘सुटणे’ अशा लहान शब्दांत अधिक असते. क्षेत्रीय काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ नामांच्या याद्या न करता प्रत्येक नाम संपूर्ण वाक्यात नोंदवावे, अशी सूचना ह्या निमित्ताने करावीशी वाटते. पदार्थांच्या पृष्ठांवरील थरांची नावे, म्हणजे साय, साका, मळी, तर्री, पापुद्रा, खपली, शेवाळ, गंज, हे अर्थक्षेत्र ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ह्यांतील ‘साका’ खाली बसतो, वर येत नाही. तो क्षेत्राची खालची सीमा दाखवितो.

पेटीत आता पुन्हा मासे आहेत. पाण्यावर काही दिसू लागले की मी प्रथम काडी लावून पाहतो, आणि ते काय आहे असे आईस विचारतो.